सव्वा महिना

आमच्या घरात बाळंतिणीसाठी वेगळी खोली नव्हती. बियाण्याची, पेंडीची पोती ठेवायची ती अंधारी खोलीच. कुणाचे दिवस भरत आले की पोती पडवीत यायची, शेणानं सारवण व्हायचं, बाज पडायची आणि झरोक्यात फडकं कोंबलं जायचं. ‘वारं शिरंल,’ एवढंच आजी म्हणायची. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा अन् बाळंतशोपांची धुरी. तो वास आला की आम्ही पोरं उंबऱ्याबाहेरच थांबायचो.

सुईण तेल रगडायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, कंबर घट्ट बांधायची. खायला डिंक, अळीव, खारीक. पाचवीला सटवाई पुजायची, कारण त्या रात्री ती बाळाच्या कपाळी लिहून जाते. आणि सव्वा महिना बाईनं चुलीला हात लावायचा नाही, पाणी भरायचं नाही, रानात जायचं नाही. कारण काय, तर विटाळ.

या विटाळाचा मला राग यायचा. आता वाटतं, ‘सून दमली, तिला निजू द्या’ असं म्हणायची सोयच त्या काळी नव्हती. ‘विटाळ आहे’ म्हटलं की सासरासुद्धा गप्प. शेजारच्या मुसलमान घरात हेच चाळीस दिवस पाळायचे. चीनमध्येही बाळंतीण महिनाभर घरात बसते, गार पाणी अन् वारं वर्ज्य, असं वाचलं तेव्हा मला आजीच आठवली.

सगळं चांगलं होतं असं नाही. पहिला चीक पिळून टाकायचे. नाळ घरच्या विळ्यानं कापायचे. माझ्या आत्याची दोन पोरं बारावं व्हायच्या आत धनुर्वातानं गेली. सटवाईनं लिहिलंच नव्हतं, असं लोक म्हणाले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझा धाकटा भाऊ पुढच्या उन्हाळ्यात झाला. घरात रेशनचा लाल मिलो होता, डिंक कुठला? आजीनं कसेबसे अकरा दिवस रेटले. बाराव्या दिवशी आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला गेली. वाऱ्याला एवढी भिणारी आजी, तिनंच आईच्या कानाला फडकं बांधलं आणि बांधावरच्या लिंबाला झोळी टांगली. दुपारी सुकडी मिळायची, तीच बाळंतिणीचा खुराक. आईची कंबर तेव्हा जी गेली ती गेलीच. म्हातारपणी म्हणायची, ‘इटाळ बी दाणं असणाऱ्याच्या घरचा असतोय, बाबा.’

कायदा नव्हता असं नाही. मुंबई इलाख्यात १९२९ सालीच कारखान्यातल्या बायांसाठी बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात त्या बिलाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. १९६१ साली देशाचा कायदा आला, २०१७ साली बारा आठवड्यांची रजा सव्वीस झाली. पण दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईपर्यंत ही रजा काही आली नाही.

माझी पुतणी शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांखाली ती बाळंतपणाला आमच्याकडंच आली. सहा महिने भरपगारी रजा. घरात डिंकाच्या लाडवांचा डबा भरलेला. त्याच आठवड्यात उसाला तोड आली. टोळीतल्या एका बाईनं पाचटावर लुगडं अंथरून बाळ निजवलं होतं. आमच्या मंडळींनी विचारलं, ‘किती दिसाचं गं?’

‘ईस.’

‘अगं, मग बसून राहा की जरा.’

‘बसल्यावर खाडा पडतोय, मावशी. उचल फिटायची कशी?’

मंडळींनी घरून चार लाडू आणून दिले. तिनं एक खाल्ला, तीन पदराला बांधले आणि मोळ्या बांधायला गेली. ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत भरायचा होता. ऊस माझाच होता. मी काही बोललो नाही.