तीन ताटातले, चौथा पट्टीतला

शाळेच्या पुस्तकात सजीवांतल्या सेंद्रिय रेणूंचे चार मुख्य प्रकार एका दमात सांगितलेले असतात: कर्बोदके, मेद, प्रथिने आणि केंद्रकाम्ले. वाचताना वाटते, कोणीतरी पेशी उघडून आतले चार कप्पे मोजले असावेत. प्रत्यक्षात पहिले तीन प्रकार माणसाला अन्नात सापडले आणि चौथा जखमेच्या पट्टीत. हा चौथा प्रकार पाऊण शतक दुय्यम का मानला गेला, याचे निम्मे उत्तर मला या फरकातच दिसते.

लंडनचे डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२७ मध्ये अन्नाचे तीन गट मांडले: शर्करामय, तेलकट आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे. त्यांचा नमुना होता दूध. त्यात साखर आहे, लोणी आहे आणि दूध नासल्यावर उरणारा चोथाही आहे. तिसऱ्या गटातल्या द्रव्याला ‘प्रोटीन’ हे नाव स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८३८ मध्ये डच रसायनज्ञ मुल्डर यांना पत्रातून सुचवले. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’. म्हणजे मानाचा पाट नावातच मांडला गेला.

पुढे १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर हा विशीतला स्विस तरुण पेशींचे रसायन तपासत होता. प्रयोगशाळा होती किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात. पण कच्चा माल होता शस्त्रक्रिया-रुग्णालयातून आलेल्या पट्ट्यांवरचा पू. पुवातल्या पांढऱ्या पेशी त्याने धुऊन वेगळ्या केल्या आणि डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने त्यांतली प्रथिने पचवली. केंद्रकातले एक द्रव्य मात्र पचले नाही. त्यात फॉस्फरस भरपूर होता आणि प्रथिनांत आढळणारे गंधक नव्हते. ते तिन्ही गटांत बसेना. मीशरने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटले. त्याचे गुरू होप-झायलर यांनी सारे प्रयोग स्वतः करून पाहिल्यावरच, १८७१ मध्ये, निबंध छापला.

गुरूंची शंका योग्यच होती, आणि ती फिटलीही. अडचण पुढे आली. आल्टमान यांनी १८८९ मध्ये ‘न्यूक्लिक आम्ल’ हे नाव दिले, कोसेल यांनी त्याचे घटक ओळखले. पण हे घटक चारच प्रकारचे निघाले, तर प्रथिनांत वीस प्रकारची अमिनो आम्ले. न्यूयॉर्कच्या लेव्हीन यांनी मांडले, की हे चार घटक ठराविक पद्धतीने पुन्हा पुन्हा येतात. अशा एकसुरी साखळीत आनुवंशिकतेचा मजकूर कसा मावेल? तो प्रथिनांतच असणार, असे बहुतेकांनी धरून टाकले.

ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंवर दाखवले, की एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणात नेणारे द्रव्य प्रथिने नष्ट करूनही काम करते. डीएनए नष्ट केले की थांबते. तरीही शंका उरली: नमुन्यात प्रथिनाचा अंश राहिला असेल तर? हर्शी आणि चेस यांनी १९५२ मध्ये जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंत किरणोत्सारी फॉस्फरस आणि किरणोत्सारी गंधक वापरले. फॉस्फरस बराचसा जीवाणूच्या आत गेला, गंधक बहुतांशी बाहेर राहिले.

या प्रयोगाचे कौतुक सर्वत्र होते. मला त्यात मीशरचीच कसोटी दिसते. फॉस्फरस आहे, गंधक नाही, हीच खूण ८३ वर्षांनी निकाल द्यायला उपयोगी पडली. पुरावा हाताशी होता. आड आली ती आधीपासून ठरलेली मानाची उतरंड. आहारातून आलेल्या यादीत शरीर कशाचे बनते आणि कशावर चालते, हे प्रश्न होते. पिढीकडून पिढीकडे काय जाते, हा प्रश्न ताट विचारत नाही. म्हणून चार प्रकार शिकवताना ते कोणत्या प्रश्नातून सापडले, हेही मुलांना सांगावे, असे मला वाटते. वर्गवारी करणाऱ्याचा प्रश्न त्या वर्गवारीत कायम मुक्कामाला असतो.