कर्नलमधील बदलाची किंमत कशी मोजावी?

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधील दोष जाहीर झाला आणि ‘केपीटीआय’ ही दुरुस्ती लिनक्सच्या कर्नलमध्ये तातडीने आली. तिच्यामुळे संगणक किती मंदावतो, या प्रश्नाची तेव्हा मिळालेली उत्तरे चक्रावून टाकणारी होती. या दुरुस्तीचे मूळ असलेल्या ‘कायझर’ रचनेवरील ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या २०१७च्या शोधनिबंधात सरासरी भार अवघा ०.२८ टक्के होता. पोस्टग्रेएसक्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना केवळ वाचनाच्या चाचणीत सुमारे १७ टक्के घट दिसली. नेटफ्लिक्सचे ब्रेंडन ग्रेग यांनी मुद्दाम ताण देणाऱ्या चाचणीत ८०० टक्क्यांहून अधिक भार मोजला. यांपैकी एकही आकडा खोटा नव्हता.

पूर्वी प्रत्येक प्रोग्रामच्या पेज टेबलमध्ये कर्नलच्या मेमरीचीही नोंद असे. केपीटीआयने दोन वेगळी टेबले केली. परिणामी प्रत्येक सिस्टिम कॉलला जाताना एकदा आणि परतताना एकदा टेबल बदलावे लागते. पत्त्यांची भाषांतरे साठवणारी टीएलबी ही छोटी स्मृतीही त्यामुळे रिकामी होऊ शकते. प्रोसेसरमध्ये ‘पीसीआयडी’ सुविधा असल्यास ही हानी बरीच टळते. फ्रॉइंड यांनी ती बंद करताच घट २३ टक्क्यांवर गेली. म्हणजे खरा प्रश्न आहे तो प्रोग्राम कर्नलचा उंबरठा सेकंदाला किती वेळा ओलांडतो हा. आकडेमोडीत गढलेला प्रोग्राम तो क्वचितच ओलांडतो, तर छोट्या प्रश्नांना उत्तरे देणारा डेटाबेस सतत ये-जा करतो. ग्रेग यांनीही नेटफ्लिक्सच्या प्रत्यक्ष कामासाठी ०.१ ते ६ टक्के असाच अंदाज बांधला होता. भयावह मथळ्यांत मात्र ८००च झळकले.

म्हणून चाचणीपूर्वी आपल्या सर्व्हरवरील सिस्टिम कॉलचा दर नोंदवावा. तुलनेसाठी जुना आणि नवा कर्नल घेणे हा सोपा, पण फसवा मार्ग आहे, कारण दोन आवृत्त्यांमध्ये इतर शेकडो बदल असतात. एकच कर्नल एकदा ‘पीटीआय’ चालू आणि एकदा बंद ठेवून सुरू करावा, म्हणजे फरक एकाच गोष्टीचा उरतो. त्या हिवाळ्यात ‘स्पेक्टर’वरील उपाय आणि प्रोसेसरचे मायक्रोकोडही पाठोपाठ आले. अनेकांनी या सर्वांचा भार एकट्या केपीटीआयच्या माथी मारला.

प्रोसेसरचा वेग स्थिर करून टर्बो बंद ठेवणे हे ओघाने आलेच. मात्र एकाच बूटमध्ये दहा वेळा मोजणे पुरेसे नाही. मेमरीची मांडणी दर बूटला बदलते. म्हणून यंत्र वारंवार बूट करून, चालू-बंद असा क्रम आलटूनपालटून मोजावे. सरासरीपेक्षा मध्यक आणि आकड्यांचा विखार अधिक बोलका ठरतो. बदलाशिवायच दोन फेऱ्यांत ३ टक्के तफावत असेल, तर २ टक्क्यांच्या घटीबद्दल काहीच म्हणता येत नाही. ग्राहकाला प्रतीक्षा करायला लावणारी सेवा असल्यास सर्वांत संथ १ टक्का विनंत्यांना किती वेळ लागला, तेही पाहावे.

निष्कर्षासोबत प्रोसेसरचे नाव हवेच. एएमडीच्या प्रोसेसरना मेल्टडाउनची बाधा नसल्याने लिनक्स तिथे केपीटीआय आपणहून चालू करत नाही. अनोळखी ग्राहकांचा कोड चालवणाऱ्या इंटेल सर्व्हरवर मात्र घट कितीही मोजली गेली, तरी ती दुरुस्ती बंद करण्याचा पर्याय विचारात घेऊ नये.