बारा कशावरून? व्हॅलिनोमायसिनच्या कड्याची गोष्ट

पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी फळ्यावर व्हॅलिनोमायसिनचं कडं काढलं, बारा घटकांचं. मागून प्रश्न आला, "बारा कशावरून?" पुस्तकात आहे म्हणून, याशिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

१९५५ मध्ये जर्मनीत ब्रोकमान आणि श्मिट-कास्टनर यांनी स्ट्रेप्टोमायसेस जिवाणूपासून हे प्रतिजैविक वेगळं केलं. त्यात व्हॅलाइन होतं, त्यावरून नाव. रेणू तोडल्यावर चार तुकडे मिळाले: एल-व्हॅलाइन, डी-व्हॅलाइन, एल-लॅक्टिक आम्ल आणि डी-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक आम्ल, चारही सारख्या प्रमाणात. (म्हणजे हे निव्वळ पेप्टाइड नाही. अमाइड आणि एस्टर बंध आलटून-पालटून येतात, म्हणून डेप्सिपेप्टाइड.) ब्रोकमान यांच्या गटाने ही चौकडी दोनदा घेऊन आठ घटकांचं कडं मांडलं.

इथे जरा थांबा. चौकडी दोनदा घ्या की तीनदा, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनची टक्केवारी अगदी तीच येते! मूलद्रव्यांच्या विश्लेषणाला आठ आणि बारा यांतला फरक दिसतच नाही. तो दिसतो रेणुभारात, आणि तेव्हा रेणुभार काढणं आजच्यासारखं मास स्पेक्ट्रोमीटरला नमुना देण्याइतकं सोपं नव्हतं.

मॉस्कोत शेम्याकिन यांच्या गटाने कागदावरचं कडं प्रत्यक्ष बनवूनच पाहिलं. आठचं कडं नैसर्गिक पदार्थाशी जुळेना, आणि जिवाणूही त्याला दाद देईनात. बाराचं बनवलं, ते जुळलं. साल १९६३.

चार घटकांनी एवढं काय बिघडतं? पुढच्याच वर्षी मूर आणि प्रेसमन यांनी दाखवलं, की व्हॅलिनोमायसिन दिलं की मायटोकॉन्ड्रिया पोटॅशियम आत ओढतात. बाराच्या कड्यात सहा एस्टर कार्बोनिल आत वळून पोटॅशियमला सहा बाजूंनी धरतात, आणि बाहेर उरतात तेलकट साखळ्या. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. सोडियमला घट्ट धरण्याइतकं हे कडं आकसत नाही, त्यामुळे भोवतीचं पाणी सोडण्याची किंमत सोडियमला भरून मिळत नाही. पोटॅशियमची निवड साधारण दहा हजार पटींनी जास्त होते ती यामुळे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यू-नळी घ्या. तळाशी क्लोरोफॉर्म, दोन्ही बाजूंना पाणी, एका बाजूच्या पाण्यात पोटॅशियम पिक्रेट. क्लोरोफॉर्ममध्ये व्हॅलिनोमायसिन असेल तर तो पिवळा होतो, मग हळूहळू पलीकडचं पाणीही. धन आयनाबरोबर पिक्रेटलाही जावं लागतं, रंग त्याचा. व्हॅलिनोमायसिन नसलेली दुसरी नळी शेजारी ठेवायला विसरू नका. आणि जपून, हा पदार्थ चांगलाच विषारी आहे.

पण खऱ्या पटलातही कडं असंच ये-जा करतं, की नुसतं भोक पाडतं? १९७१ मध्ये क्रास्ने, आयझेनमन आणि साबो यांनी लिपिड पटल थंड करून गोठवलं. व्हॅलिनोमायसिनचं काम ठप्प झालं. ग्रामिसिडिन मात्र आयन सोडतच राहिलं, कारण ते पटलात आरपार नळी बनवतं, त्याला कुठे जायचंच नसतं. पटल पुन्हा वितळलं, तसं व्हॅलिनोमायसिनही परत कामाला लागलं.