चिन्हांकित अक्षरे आणि कळफलक

'दिन' आणि 'दीन' यांतील फरक आम्ही शिक्षक वर्गात पुन:पुन्हा समजावून सांगतो. स्लोव्हाकियातील शिक्षकांनाही हेच करावे लागते. त्यांच्या भाषेत 'सुद' म्हणजे पिंप आणि 'सूद' म्हणजे न्यायालय. लिपी रोमन असल्याने दीर्घ स्वरावर तिरकी रेघ देतात. ही रेघ टंकात आली नाही, की न्यायालयाचे पिंप होते!

ही चिन्हे आली कोठून? स्लाव भाषांतील श, च यांसारख्या ध्वनींसाठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरे नव्हती. पंधराव्या शतकाच्या आरंभी एका लॅटिन ग्रंथात चेक भाषेसाठी तोड सुचवली गेली: व्यंजनावर टिंब आणि दीर्घ स्वरावर रेघ. हा ग्रंथ यान हुस यांचा मानला जातो. टिंबाचे पुढे छोट्या कोनात रूपांतर झाले. स्लोव्हाक भाषेला १७८७ मध्ये आंतोन बेर्नोलाक यांनी आणि १८४३ मध्ये ल्युदोवीत श्टूर यांनी प्रमाणरूप दिले. आज तिच्या वर्णमालेत ४६ वर्ण आहेत. त्यांपैकी १७ एकेरी अक्षरांवर चिन्हे आहेत. त्यांत दीर्घ र आणि दीर्घ ल हे स्वरासारखे उच्चारले जातात. आपल्या वर्णमालेतील ॠ आणि ॡ यांची येथे आठवण होते.

इतकी अक्षरे कळफलकावर बसवायची कशी? प्रमाण स्लोव्हाक कळफलकावर अंकांच्या ओळीत नऊ चिन्हांकित अक्षरे आहेत. अंक हवे असल्यास शिफ्ट दाबावी लागते. आणखी चार अक्षरे उजव्या बाजूच्या कळींवर आहेत. उरलेल्या चारांसाठी आधी चिन्हाची कळ व मग अक्षराची कळ दाबायची. ही टंकलेखन यंत्राची जुनी युक्ती. चिन्ह उमटते, पण रूळ पुढे सरकत नाही. मग अक्षर त्याच्याखाली येते. मराठी यंत्रांतही अशा कळी होत्या.

संगणक आल्यावर नवी अडचण उभी राहिली. १९६३ च्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या. चिन्हांकित अक्षर एकही नव्हते. पुढे २५६ जागांचे तक्ते झाले, पण ते अनेक! १९० हा क्रमांक एका आंतरराष्ट्रीय प्रमाणात कोन असलेल्या झेडचा, तर विंडोज-१२५० मध्ये मृदू 'ल'चा. एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की शब्द बिघडत. निरनिराळ्या मराठी फाँटांमुळे आपणही हे भोगले आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक मिळण्याची वाट मोकळी झाली.

टंकाचा प्रश्न मात्र उरला. आज्ञावली लिहिणाऱ्याला अंक आणि कंस सतत लागतात. स्लोव्हाक मांडणीत तेच अडचणीच्या जागी जातात. यावर उपाय आहे. कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, कळीचा क्रमांक जातो. त्याचे अक्षर संगणकातील तक्ता ठरवतो. लिनक्समध्ये हा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. त्यात बदल करून इंग्रजी मांडणी तशीच ठेवता येते आणि उजवी आल्ट कळ दाबून चिन्हांकित अक्षरे काढता येतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मराठी उताऱ्यातील अक्षरे विद्यार्थ्यांना मोजू द्यावीत आणि जास्त वेळा येणारी अक्षरे सोयीच्या बोटांखाली मांडायला सांगावीत. आपली अक्षरे यंत्रात बसवताना कोणाला काय सोसावे लागले, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.