मुलांचे तंटे आणि नगर जिल्ह्यातील पंच

पेशवाईच्या अखेरीस नगर भागात घरातले तंटे मिटवण्याची जागा म्हणजे गोतसभा किंवा पंचायत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि दोन्हीकडचे भाऊबंद एकत्र बसत. दत्तक, वतनाचा वारसा, पोरक्या मुलाचा सांभाळ असे प्रश्न तिथेच निकाली निघत. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला, हेन्री पॉटिंजर नगरचा कलेक्टर झाला, तरी दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टनने पंचायती एकदम मोडल्या नाहीत. या बैठकांत बोलत ती वडीलधारी माणसे. ज्याच्याबद्दल निवाडा व्हायचा, त्या मुलाला तिथे जागा नव्हती.

1875 च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने नगरसह चार जिल्ह्यांत सरकारी सलोखाकार नेमले. पण त्यांचे काम सावकारी कर्जाचे होते. मुलांच्या बाबतीत खरा बदल 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने घडवला. पालक नेमताना न्यायालयाने मुलाचे हित पाहावे, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येईल, असे कलम 17 सांगते. गावच्या पंचांपर्यंत हा विचार पोहोचायला मात्र फार काळ गेला.

पाथर्डी तालुक्यातले मढी हे याचे ठळक उदाहरण. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत. वर्षभर पालावर फिरणाऱ्या लोकांना कोर्टकचेरी परवडणारी नव्हती, आणि सगळे सोयरे एके ठिकाणी सापडत ते इथेच. सोयरीक, काडीमोड, दंड यांचे निर्णय पंच देत. वैदूंसारख्या समाजांत अगदी लहानपणी ठरलेल्या सोयरिकीही पंचांच्या धाकाने पाळाव्या लागत. निवाडा लवकर होई हे खरे. पण तो न मानणाऱ्या घराला वाळीत टाकले जाई, आणि त्याची झळ मुलांनाही बसे. 2013 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभारली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 मध्ये अमलात आला.

त्याआधी, 15 ऑगस्ट 2007 रोजी, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. बांधाच्या भांडणात किंवा नवराबायकोच्या कुरबुरीत त्यांचा उपयोग झाला. बालविवाह किंवा मुलावरचा अत्याचार मात्र तंटा नव्हे. त्यात ‘मिटवून टाका’ म्हणणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे. 2012 च्या पोक्सो कायद्याने तर मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणे हाच गुन्हा ठरवला.

जिल्ह्यात बालविवाहाचा प्रश्न ऊसतोडीशी घट्ट जोडलेला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर मिळते. त्यामुळे हंगामापूर्वी मुलीचे लग्न उरकण्याची घाई होते. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवायची धास्तीही असतेच. 1098 या बालमदत क्रमांकावर फोन आला की ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस मांडवात पोहोचतात. आईवडिलांची समजूत काढली जाते, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र लिहून घेतात, आणि मुलीला बाल कल्याण समितीपुढे उभे करतात. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती तिच्याशी बोलून तिने घरी राहावे की बालगृहात, हे ठरवते. हमीपत्र कागदावर राहून पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी, नातेवाइकांच्या दारात लग्न लागण्याचा धोका असतो. म्हणून पुढचे महिने त्या घरी जात राहणे, मुलगी शाळेत येते का ते पाहणे, हे कागदापेक्षा महत्त्वाचे काम ठरते.

विभक्त आईबापांच्या प्रकरणांत मध्यस्थीला खरा वाव आहे. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे कलम 9 आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फतही प्रकरण प्रशिक्षित मध्यस्थाकडे जाऊ शकते. मूल कोणाकडे राहील, दिवाळीची सुट्टी कोणाकडे, शाळेची फी कोण भरेल, आजीआजोबांना कधी भेटेल, हे तिथे बोलून ठरते. घरात मारहाण झालेली असेल, तर आईला आणि मुलाला त्याच खोलीत समोरासमोर बसवायचे की नाही, हे मध्यस्थाला आधीच पाहावे लागते.