आजारी माणसाने काम केले तर? भोकरच्या तहसीलपासून गिरणगावापर्यंत एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी भोकरच्या तहसील कार्यालयात अर्ज करणाऱ्या रुग्णाला दोन महत्त्वाचे कागद जोडावे लागतात. एक आजाराचा दाखला, दुसरा उत्पन्नाचा. पहिला सांगतो, ‘याच्याने होत नाही.’ दुसरा सांगतो, ‘याला मिळत नाही.’ या दोन वाक्यांमध्ये जी फट आहे, तिचा इतिहास आज पाहू.

२/ क्षयातून उठलेला माणूस कापूस वेचणीच्या दिवसांत चार दिवस रानात गेला, तर तो आजारी उरतो की नाही? त्याचे अनुदान थांबावे का? प्रश्न आजचा वाटतो. पण सरकारदरबारी तो निदान दीडशे वर्षे जुना आहे.

३/ १८७६-७७चा दुष्काळ. मुंबई इलाख्यात सरकारने रस्त्यांची, तलावांची, खडी फोडण्याची कामे काढली. तत्त्व असे की, अंगात बळ असेल त्याने कामावर यावे आणि ज्याला काम झेपतच नाही त्याला फुकट शिधा मिळावा. सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, इतकी खाली आणली. १८७७च्या जानेवारीत मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

४/ या प्रसंगात आपल्या विषयाचे बीज आहे. अर्धपोटी माणसाने दिवसभर खडी फोडली, तर चार आठवड्यांत तो ‘सशक्त’ राहत नाही. म्हणजे सरकारने आखलेली रेघ माणसाच्या शरीरात रोज सरकत होती. नोंदवहीत मात्र ती स्थिर होती. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांनीही कामायोग्य आणि कामास असमर्थ हे दोन कप्पे कायम ठेवले. (भोकर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, तेथे इंग्रजी इलाख्याचे नियम थेट लागू नव्हते.)

५/ याच सुमारास युरोपात वेगळी वाट निघत होती. १८८३मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा आणला. इंग्लंडमध्ये कामगारांच्या परस्पर साहाय्य मंडळ्या त्याआधीपासूनच वर्गणी जमवून आजारी सभासदाला साप्ताहिक रक्कम देत. या मंडळ्यांचे ‘भेटकरी’ रुग्णाच्या घरी जात. हेतू दुहेरी असे: विचारपूस आणि पहारा. पैसे घेणारा सभासद काम करताना, काही ठिकाणी तर रात्री घराबाहेर आढळला, तरी त्याचे पैसे बंद होत.

६/ येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. पहारा ठेवणारे सभासद स्वतःही कामगारच होते. पेटी सगळ्यांची होती. खोटा आजारी हा शेजाऱ्याच्याच वर्गणीवर डल्ला मारी. त्यामुळे आजारपणात काम न करण्याचा नियम केवळ वरून लादलेला नव्हता, बराचसा खालून आलेला होता.

७/ आता मुंबईच्या गिरणगावात येऊ. १९२०च्या दशकात गिरणी कामगार आजारी पडला की पगार बंद. मागे उरे तो सावकार किंवा गाव. बाळंतिणीची तीच गत होती. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूतीच्या लाभाचे विधेयक मांडले; ते फेटाळले गेले. १९२८मध्ये तसेच विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. १९२९मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. या विषयावरचा भारतातील तो पहिला कायदा.

८/ या कायद्याचा गाभा साधा होता. बाळंतपणाच्या काळात स्त्रीला कामावर जावे लागू नये, म्हणून पैसे. विश्रांती ही सवलत नव्हती, विश्रांती हाच पैशांचा हेतू होता. पुढे १९६१च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १८ने हे स्पष्टच केले. रजा मंजूर झाल्यावर स्त्रीने त्या काळात दुसऱ्या एखाद्या आस्थापनेत काम केले, तर त्या काळाच्या लाभावरचा तिचा हक्क जाई.

९/ आजारपणाच्या विम्याचा आराखडा करण्याचे काम १९४३मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. १९४४मध्ये अदारकरांचा अहवाल आला आणि १९४८च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. प्रत्यक्ष अंमल २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाला. मुंबईची पाळी १९५४मध्ये आली.

१०/ या कायद्यातील ‘आजारपण’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ज्या अवस्थेत उपचार लागतात आणि वैद्यकीय कारणाने काम बंद ठेवावे लागते, ती अवस्था म्हणजे आजारपण. काम थांबणे हा आजाराचा परिणाम म्हणून येत नाही. तो व्याख्येचाच भाग आहे. कलम ६३ म्हणत असे, ज्या दिवशी कामगाराने काम केले त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही. कलम ६४ म्हणत असे, बरे होण्यास विलंब लागेल असे काही करू नये. खोटी माहिती देऊन पैसे घेतले तर कलम ८४ अन्वये शिक्षा होती.

११/ तर्क समजण्याजोगा आहे. हे पैसे बुडालेल्या मजुरीऐवजी आहेत. मजुरी चालू असेल तर बुडाले काय? परंतु आरंभी हा लाभ सरासरी मजुरीच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास होता (आज तो ७० टक्के आहे). चाळीतल्या खोलीचे भाडे आणि गावी जाणारी मनिऑर्डर मात्र निम्मी होत नसे. नियमाने सांगितलेली विश्रांती आणि घराने मागितलेली कमाई यांचा झगडा तेथूनच सुरू होतो.

१२/ त्याच कायद्यात एक दार उघडेही होते. कामावरील अपघातात बोटे किंवा हात कायमचा गेला, तर मिळणारा कायम अपंगत्वाचा लाभ आयुष्यभराचा असतो. कामगार पुन्हा नोकरीला लागला तरी तो बंद होत नाही. कारण तो आजच्या मजुरीचा मोबदला नाही. गेलेल्या कमाईच्या क्षमतेची भरपाई आहे. म्हणजे ‘लाभ घेतोस तर काम करू नकोस’ हा अटळ निसर्गनियम नव्हे. पैसे कशाबद्दल दिले जातात, यावर तो अवलंबून आहे.

१३/ मग मराठवाड्याचे काय? एप्रिल १९४८मध्ये भोकर हैदराबाद संस्थानात होते. संस्थान भारतात आले सप्टेंबरमध्ये. पण खरी अडचण सरहद्दीची नव्हती. १९४८च्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि त्या यादीत सरकी काढणारे जिनिंग, गाठी बांधणारे प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, साखर आणि गूळ ही नावे होती. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारखी बारमाही गिरणी सोडली, तर कापसाच्या या मुलखातले बहुतेक यंत्रकाम हंगामीच होते. शेतमजूर तर चित्रातच नव्हता.

१४/ शेतमजुरासाठी महाराष्ट्राने निराळी चौकट उभारली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पोचली, तिचा कायदा १९७७चा. जो काम करू शकतो त्याला कामाची हमी. १९८०मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. क्षय, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे जो चरितार्थ चालवू शकत नाही, त्याला मासिक अनुदान. १८७७चे दोन कप्पे शंभर वर्षांनी पुन्हा दिसतात. फरक इतकाच की आता ते हक्काच्या भाषेत आहेत.

१५/ आता एक हिशोब. निराधार योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, ही सर्वसाधारण अट. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ७१ दिवसांचे २१,०८७ रुपये होतात. घरातील दोघांनी ३६-३६ दिवस काम केले तरी मर्यादा ओलांडली. केंद्राच्या कायद्याने तेव्हा एका कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी दिली होती. म्हणजे एका योजनेचा हक्क पुरता वापरणारे घर दुसऱ्या योजनेच्या मर्यादेबाहेर जाई, तेही रुग्णाने स्वतः कुदळ न उचलता.

१६/ उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निधी मर्यादित असतो. धडधाकट माणसाने आजाराचा दाखला मिळवला, तर खरा रुग्ण रांगेत मागे जातो. १९व्या शतकातील त्या भेटकऱ्यांची शंका सर्वस्वी खोटी नव्हती. पण त्यांच्या सभासदाला आठवडाभर घर चालेल इतके मिळावे, असा निदान हेतू असे. २०२३पासून निराधार अनुदान महिना १,५०० रुपये झाले. म्हणजे त्या मजुरीने पाच दिवसांची कमाई. पाच दिवसांचे पैसे देऊन तीस दिवसांची विश्रांती मागता येईल का?

१७/ काही देशांनी मधली पायरी ठेवली आहे. ब्रिटनमध्ये आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याला, सांगून-नोंदवून, आठवड्याला १६ तासांहून कमी आणि ठरावीक कमाईच्या आतले काम करता येते. बरे होणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नाही, एवढे त्या नियमाने मान्य केले आहे. आपल्याकडे अनुदानाच्या अटीत अशी पायरी नसल्याने चार दिवसांची वेचणी कागदावर येत नाही, आणि सत्य बोलणाऱ्याचेच नुकसान होण्याची शक्यता उरते.

१८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येते. जुन्या दप्तरात ‘कामास असमर्थ’ असा शेरा दिसला, तर तो त्या माणसाच्या प्रकृतीचे वर्णन म्हणून वाचू नये. तो शेरा मारणाऱ्या नियमाचेही वर्णन असतो. आपल्या घरी १९७२च्या कामांवर गेलेले कोणी असेल, तर त्यांना जरूर विचारा: आजारी असतानाही तुम्ही हजेरीपटावर अंगठा का उमटवला होता? ते उत्तर लिहून ठेवा, तारखेसह आणि गावाच्या नावासह. दप्तरात ते सापडणार नाही.