भरपाईचा अवसर आणि लढाईचा निर्णय : चाकणच्या वेढ्याच्या अनुषंगाने

लढाईचा इतिहास लिहिताना प्रहाराचा हिशेब जितक्या काळजीने मांडला जातो, तितक्या काळजीने भरपाईचा मांडला जात नाही. तोफा व स्वार मोजले जातात. परंतु जखम बांधावयास, पडलेला तट सावरावयास आणि दारूगोळा हाती घ्यावयास लढणाऱ्याला किती उसंत मिळाली, हा प्रश्न बहुधा अनुल्लेखित राहतो. अलीकडे हाच प्रश्न एका अनपेक्षित क्षेत्रात मध्यवर्ती ठरला आहे. ते क्षेत्र म्हणजे ॲक्शन रोल-प्लेइंग या नावाने ओळखले जाणारे संगणकीय खेळ. त्यांतील उपचारविषयक नियमांचा विकास ध्यानात घेतला असता 1660 च्या चाकणच्या वेढ्याकडे पाहण्याची एक उपयुक्त दृष्टी लाभते.

1996 च्या ‘डायाब्लो’ या खेळात नायकाच्या कमरपट्ट्यात औषधाच्या आठ कुप्या राहत आणि कळ दाबताच गुण येई. साहजिकच लढाई ही मुख्यतः साठ्याची कसोटी होती. 2009 च्या ‘डीमन्स सोल्स’मध्ये औषधी वनस्पती मोठ्या संख्येने जमवून ठेवता येत. 2011 च्या ‘डार्क सोल्स’ने मात्र दुहेरी बंधन घातले. औषधाचे घोट मोजकेच असून ते शेकोटीपाशी विसावल्यावर पुन्हा भरतात. शिवाय घोट घेताना नायक क्षणभर थबकतो, पण शत्रू थबकत नाही. सामानाची यादी उघडली तरी खेळ चालूच राहतो. त्यामुळे उपचार हा लढाईबाहेरचा विराम न राहता लढाईतीलच एक जोखमीचा डाव ठरला. येथे साठ्याची मर्यादा आणि अवसराची मर्यादा असा भेद स्पष्ट होतो.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगराचा आधार नसल्याने त्याची भिस्त खंदक, तट आणि शिबंदी यांवरच होती. 21 जून 1660 रोजी शाहिस्तेखानाने त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यास बाहेरून कुमक मिळण्याचा संभव फारसा नव्हता. शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते आणि जुलैत तेथून निसटून ते विशाळगडास गेले. म्हणजे गडातील साठा घटणारा होता, वेढा घालणाऱ्यांचा मात्र भरून निघणारा. तरीही भर पावसाळ्यात हा लहानसा कोट सुमारे 55 दिवस लढला. केवळ साठ्याच्या तुलनेने याचा उलगडा होत नाही.

14 ऑगस्ट रोजी दुपारी मोगलांनी ईशान्येकडील बुरुजाखाली पेरलेला सुरुंग उडाला आणि बुरुज कोसळला. खिंडारातून आत घुसू पाहणाऱ्या सैन्यास आतील बाजूस मातीचा उंच बांध आडवा आला. तटाची दुरुस्ती तट पडण्यापूर्वीच करून ठेवलेली होती! त्या आडोशावरून शिबंदीने बाण, गोळ्या व दगड यांचा मारा करून तो दिवस निभावला. तथापि रात्र पडल्यावरही मोगल मागे हटले नाहीत. त्यांनी खिंडाराशीच तळ दिला. निर्णायक गोष्ट हीच होय. त्या रात्री माती, दगड आणि माणसे गडात होती. नव्हती ती निर्धास्त उसंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोगल आत शिरले. उरलेले लोक बालेकिल्ल्यात गेले आणि अखेरीस बुंदीच्या भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन झाला.

या साम्याला सीमा आहे. खेळातील नायक मरूनही शेकोटीपाशी पुन्हा उठतो. चाकणला मोगलांचे 268 लोक ठार व 600 जखमी झाले, आणि मेलेल्यांची भरपाई कोणत्याही साठ्यातून होणारी नव्हती. एका भुईकोटासाठी मोजलेली ही किंमत पाहता सह्याद्रीतील डोंगरी किल्ले किती महाग पडतील, याचा अंदाज खानास आला असावा. 1661 मध्ये मोगलांचा मोर्चा उत्तर कोकणाकडे वळला, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

यावरून वेढ्यांच्या अभ्यासकाने एक प्रश्न नित्य विचारावयास हवा. कोठारात किती होते, एवढे पाहून भागत नाही. जे होते ते वापरण्याची उसंत कोणाला मिळाली आणि ती कोणी हिरावून घेतली, हे पाहिले पाहिजे. चाकण पडले ते बुरुज कोसळला तेव्हा नव्हे, तर त्यानंतरची रात्र बचाव करणाऱ्यांच्या हाती राहिली नाही तेव्हा.